अकरा हंस घेऊन व्हेनिसला

मधुचंद्राला निघायला साडेतीन महिने होते तेव्हापासूनच कोसिमो पेत्रुझ्झीच्या पोटात गोळा येऊ लागला. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "काय खाल्लं होतंस?" कोसिमोने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. डॉक्टरांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि औषध न देताच त्याला घरी पाठवलं.

कागद नगरपालिकेचा होता, आडव्या-उभ्या रेघांचा. इटलीच्या बुटाच्या टाचेशी असलेल्या सेर्राफीको गावच्या नगरपालिकेत कोसिमो रहिवासी नोंदणीचा कारकून होता. कोण कुठे राहतो हे अकरा वर्षं वहीत लिहून त्याचा असा ठाम समज झाला होता की वहीत जे लिहिलंय तेच जगात चालू असतं. मधुचंद्रही त्याला अपवाद नव्हता. कागदावर सहा दिवस होते आणि चार शहरं: रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या आणि व्हेनिस. गाडी पोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, फलाट बदलायला सात मिनिटं, चर्च बघायला वीस मिनिटं, चर्च फारच मोठं असेल तर पस्तीस. भावविवश होण्यासाठी म्हणून रोममध्ये दहा मिनिटं वेगळी काढली होती. आणि मंगळवार, १४ ऑगस्ट १९६२, दुपारी चार ते पाच या जागी त्याने लाल पेन्सिलीने एक चौकोन काढला होता. त्या चौकोनात काहीच लिहिलेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर सगळा प्रवास त्या रिकाम्या चौकोनासाठी होता.

कोसिमोचं लग्न पाल्मीराशी ठरून दोन वर्षं झाली होती. पाल्मीरा गावातल्या तारघराच्या खिडकीवर बसायची. दर गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी सहा ते आठ कोसिमो रीतीप्रमाणे तिच्या घरी जाऊन बैठकीच्या कोचावर बसे. डाव्या कडेला तो, उजव्या कडेला पाल्मीरा आणि मधोमध पाल्मीराची मावशी चेन्झिना, हातात क्रोशाची सुई घेऊन. मावशी अंगाने भरलेल्या होत्या. त्यामुळे दोन वर्षांत कोसिमोला आपल्या होणाऱ्या बायकोचं नाक आणि गुडघे यांपलीकडे फारसं काही सलग बघायला मिळालं नव्हतं. काही बोलायला जावं तर मावशी सुई थांबवून ऐकत. एकदा त्याने पाल्मीराला विचारलं, "तुला पाऊस आवडतो का?" तर मावशीच म्हणाल्या, "पाऊस आवडून काय करायचंय, लग्न झाल्यावर काय ते बोला."

तेव्हा कोसिमोने तारघरात जाऊन एक फॉर्म भरला आणि खिडकीतून आत सरकवला. त्यावर लिहिलं होतं: "व्हेनिसमध्ये एक टेबल, दोन खुर्च्या, एक तास. तिसरं कोणी नाही." मागे रांग उभी होती. पाल्मीराने पेन्सिलीच्या टोकाने शब्द मोजले आणि सरकारी आवाजात म्हणाली, "दहा शब्द. पत्ता अपुरा आहे." मग तिने फॉर्म खणात टाकला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. हो म्हणाली की नाही म्हणाली, हे कोसिमोला दोन वर्षं कळलं नाही.

तारखेवरून पहिली ठिणगी पडली. कोसिमोला सप्टेंबर हवा होता, कारण गाड्यांना गर्दी कमी. त्याची आई ओरोन्झा हिला ऑक्टोबर हवा होता. पाल्मीरा ऑगस्टवर अडून बसली.

"ऑगस्टची नवरी पुरात वाहून जाते," कोसिमोची आई म्हणाली. "आमच्या आज्या उगाच नाही म्हणायच्या."

"सेर्राफीकोत पूर यायला नदी कुठाय, आई?" पाल्मीरा म्हणाली. "लग्न नऊ तारखेला करू, गुरुवार आहे. आणि प्रवासाला अकराला निघू."

"अकरालाच का?" कोसिमोने विचारलं.

"दहाला शुक्रवार येतो म्हणून."

मंगळवारी आणि शुक्रवारी लग्न करायचं नाही आणि प्रवासाला निघायचं नाही, हे सेर्राफीकोत लहान मुलांनाही ठाऊक असतं. सून एवढी रीत पाळते म्हटल्यावर सासूला ऑगस्ट गिळावा लागला. कोसिमोने रबराने सगळा कागद खोडला आणि पहिल्यापासून गाड्या जुळवायला घेतल्या.

गावात बातमी पसरायला न्हाव्याचं दुकान असतं. न्हावी मास्त्रो उच्चो तीस वर्षांपूर्वी चौदा महिने उत्तरेत शिपाईगिरी करून आले होते आणि तेव्हापासून उत्तरेचा विषय निघाला की गावाने त्यांच्याकडे बघायचं असा संकेत होता. त्यांनी कोसिमोच्या गालाला साबण फासला आणि वस्तरा गळ्यावर ठेवून सल्ला सुरू केला. अशा वेळी माणसाला मान डोलवतासुद्धा येत नाही.

"रोममध्ये पाणी पिऊ नकोस. फ्लॉरेन्समध्ये कुणाला पत्ता विचारू नकोस, मुद्दाम उलटा सांगतात. बोलोन्यात जेवायला बसू नकोस, बसलास तर उठवत नाही आणि गाडी जाते. आणि व्हेनिस..." त्यांनी वस्तरा पुसला.

"व्हेनिसचं काय?"

"व्हेनिसमध्ये मी उतरलो नव्हतो. गाडीतून बघितलं. ओलं असतं."

बाकावर बसलेल्या एकाने आपल्या मेव्हण्याची बॅग रोममध्ये कशी चोरीला गेली ते सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं की व्हेनिसच्या डासांपुढे आपल्याकडचे डास म्हणजे संत. घरी येईपर्यंत कोसिमोच्या कागदावर "डासांची व्यवस्था" असा एक नवा रकाना वाढला होता आणि पोटातला गोळा थोडा वर सरकला होता.

पण हे सगळं परवडलं असतं. खरा घाला हंसांनी घातला.

लग्नाला जे येऊ शकत नाहीत त्यांना नवरा-नवरीकडून गोड भेट जायलाच हवी. आईने त्यासाठी चिनीमातीचे हंस मागवले होते, वीतभर उंचीचे, पांढरेफटक, प्रत्येकाच्या गळ्यात जाळीची पुरचुंडी आणि पुरचुंडीत साखरेत घोळलेले पाच बदाम. असे अकरा हंस अकरा घरांसाठी बाजूला काढलेले. गावातली निम्मी माणसं पोटासाठी उत्तरेत गेलेली, त्यात पेत्रुझ्झींचीही अकरा घरं होती: रोममध्ये चार, फ्लॉरेन्समध्ये दोन, बोलोन्यात तीन आणि व्हेनिसच्या अलीकडे मेस्त्रेला दोन. कारखान्यांची सुट्टी दहा तारखेच्या संध्याकाळी सुरू होणार, त्यामुळे नऊच्या लग्नाला त्यांतलं कोणीच पोचू शकत नव्हतं.

"पोस्टाने पाठवून देऊ," कोसिमो म्हणाला.

आई खुर्चीत बसली. बसताना तिने हात छातीवर ठेवला.

"पोस्टाने? तुझ्या बापाच्या सख्ख्या बहिणीला? अस्सुन्ताआत्याने तुला अंगाखांद्यावर खेळवलं, तिला पोस्टाने? तू तिच्या दारावरून जाणार आणि हंस पोस्टाने जाणार? मी गेल्यावर मला पण पोस्टानेच पाठव."

तिने अकरा घरांना पत्रं घातली. अकरा उत्तरं आली आणि सगळ्यांत एकच सूर होता. आमचं घर ते तुमचंच घर. आमच्याकडे उतरला नाहीत तर जन्मात बोलणार नाही. रोमच्या अस्सुन्ताआत्याने तर लिहिलं होतं की गादी उन्हात टाकलीय आणि वांगी भरून तयार ठेवते. आई ही पत्रं मोठ्याने वाचायची, वाचून झालं की चुंबन घ्यायची आणि कोसिमो कागदाला रबर लावायचा. आत्याकडचं जेवण म्हणजे चार तास. आत्याकडे जेवून तिच्या दिराकडे नुसती कॉफी घेतली तर अपमान, म्हणजे आणखी दोन. फ्लॉरेन्समधलं मोठं चर्च बाहेरून बघायचं ठरलं. बोलोन्या नुसतं जेवणातच संपलं. रोममधली भावविवश होण्याची दहा मिनिटं तर केव्हाच गेली. जुलैच्या मध्याला लाल चौकोन चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांपासून पाचपर्यंत उरला होता. तिथेही मेस्त्रेच्या मावशीने लिहिलं होतं की व्हेनिस दाखवायला आम्ही येऊच बरोबर.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण नकटीला निदान तिच्याच सहीने अडवत नाहीत. नवविवाहितांना रेल्वेच्या तिकिटात सूट मिळते हे मास्त्रो उच्चोंनी सांगितलं होतं. त्यासाठी नगरपालिकेचा दाखला हवा. नगरपालिकेचा दाखला म्हणजे कोसिमोचाच दाखला. पण कारकुनाने स्वतःच्या नावे दाखला द्यायचा नाही असा नियम, आणि सही करू शकणारे दुसरे एकच गृहस्थ, चिटणीस, ते पोटाच्या दुखण्यावर झऱ्याचं पाणी प्यायला डोंगरात गेलेले. शिवाय अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा आणि त्याला जोडायचा लग्न झाल्याचा पुरावा. कोसिमो खिडकीबाहेर येऊन उभा राहिला. मग आत जाऊन बसला. अर्ज आत घेतला, पोच दिली, नियम वाचला, आणखी एकदा वाचला आणि शेवटी "कागद अपुरे, नामंजूर" असा शिक्का मारून अर्ज बाहेर सरकवला. बाहेर येऊन त्याने तो उचलला तेव्हा त्याला खरोखर वाईट वाटलं. अकरा वर्षं आपण लोकांना असं परत पाठवत होतो याची त्याला प्रथमच लाज वाटली. नंतरच्या आठवड्यात त्याने एका म्हातारीला शिक्क्याशिवाय दाखला दिला आणि मग दोन रात्री त्याला झोप लागली नाही.

जुलैच्या शेवटच्या रविवारी कोचावर मावशी चेन्झिनांनी सुई थांबवली.

"मी नवस बोललेय," त्या म्हणाल्या. "पादुआच्या संत अंतोनीला. तुमचं लग्न निर्विघ्न पार पडलं तर स्वतः येऊन मेणबत्ती लावीन. आता एकटी बाई कुठे जाणार एवढ्या लांब? पादुआ तुमच्या वाटेवरच आहे. तुमच्याबरोबरच येते."

कोसिमोच्या तोंडून आवाज आला, पण तो शब्द नव्हता.

"वेगळा डबा नको," मावशींनी त्याची समजूत घातली. "मी आपली मध्ये बसेन."

पाल्मीरा समोरच्या भिंतीकडे बघत होती.

माणसांशी भांडता येतं, संताशी कसं भांडायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी कोसिमो तारघर उघडायच्या आधी पायरीवर उभा होता. तरी त्याच्या मागे तिघंजण येऊन उभे राहिलेच.

"कुठे पाठवायचीय?" पाल्मीराने सरकारी आवाजात विचारलं.

"तुलाच. म्हणजे, आपल्यालाच."

"मजकूर?"

"मावशी येतेय," कोसिमो कुजबुजला.

"दोन शब्द. आणखी?"

"मी काय करू?"

"गप्प बसा," पाल्मीरा म्हणाली. "तेही दोनच."

"पाल्मीरा, बारा मिनिटं उरलीत आपली. त्यात मेस्त्रेची मावशी. त्यात ही मावशी. एका टेबलाला किती खुर्च्या लावायच्या?"

पाल्मीराने मान वर केली आणि पहिल्यांदाच तिचा खिडकीबाहेरचा आवाज आला. "तुझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं कोसिमो. तुझी आई ते चष्म्याशिवाय वाचते. म्हणून मी तुला काही सांगत नाही. पुढचे कोण?"

पुढचे पुढे आले आणि कोसिमो बाहेर पडला. चौकातल्या कारंज्याभोवती तो फेऱ्या मारू लागला. सांगत नाही म्हणजे काय? काय सांगण्यासारखं आहे? चालता चालता त्याच्या मनाने एकेक पायरी उतरत तळ गाठला. मावशी येणार म्हटल्यावर ती रडली नाही, चिडली नाही. पत्रं आली तेव्हाही गप्प. दोन वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर तिने हो म्हटलंच नव्हतं. म्हणजे तिला तो तास नकोच असेल. आपल्यासारख्या माणसाबरोबर एक तास काय बोलायचं, असा तिला प्रश्न पडला असेल. खरं म्हणजे हा प्रश्न त्यालाही पडला होता. त्या दिवसापासून त्याला रात्री झोपेत लाल चौकोन दिसू लागला आणि त्यात कोणीतरी शिक्का मारत असे.

नऊ तारखेला लग्न झालं. अंगठी घालताना कोसिमोने दोनदा चुकीचं बोट धरलं, तेव्हा पाल्मीरानेच बरोबर बोट पुढे आणून अंगठीत घातलं. दहाचा शुक्रवार दोन्ही घरांनी दार न ओलांडता काढला. अकराला सकाळी सगळी गल्ली स्टेशनवर होती. सामान म्हणजे दोन बॅगा आणि गवतात रचलेल्या अकरा हंसांची एक लाकडी पेटी, तिच्या झाकणावर कोसिमोने स्वतः रंगाने लिहिलेलं: सावकाश. मावशी चेन्झिना काळा पोशाख करून, आठ जणांना पुरेल एवढ्या फराळाचं बोचकं घेऊन उभ्या होत्या. मास्त्रो उच्चो शेवटपर्यंत सांगत होते की पाणी पिऊ नका.

गाडी आली. मावशींनी एक पाय पायरीवर ठेवला. तेवढ्यात पाल्मीरा वाकली आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली. मावशींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी पाय खाली घेतला.

"खरं सांगतेस?"

"आज रात्रीच," पाल्मीरा म्हणाली.

"नवस पुढच्या वर्षी फेडीन," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "संताला काही घाई नसते." आणि बोचकं उचलून त्या गावाकडे जवळजवळ धावतच निघाल्या.

गाडी सुटल्यावर कोसिमोने विचारलं, "काय सांगितलंस?" पाल्मीरा म्हणाली, "नंतर." पुढचं बोलणं झालं नाही, कारण हंस फुटू नयेत म्हणून कोसिमोने पेटी दोघांच्या मधल्या जागेवर ठेवली होती आणि रोमपर्यंत तो एका हाताने ती धरून होता.

रोमला अस्सुन्ताआत्याच्या इमारतीशी ते पोचले तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. कागदाप्रमाणे पोचायची वेळ सहा पन्नास होती आणि कोसिमो त्या दहा मिनिटांबद्दल माफी कशी मागायची याची मनात तालीम करत होता. तीन मजले चढून त्याने घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. खालून पहारेकरीण वर आली.

"कोण हवंय? ते सकाळीच गेले. गावी."

"कोणत्या गावी?"

"आपल्या गावी. खाली, टाचेकडे कुठेतरी. सेर्रा काहीतरी. दर ऑगस्टात जातात, संत रोक्कोच्या जत्रेला."

कोसिमो पेटीवर बसला. पेटीतून कट्ट असा आवाज आला.

"पण त्यांनी लिहिलं होतं," तो म्हणाला. "आमचं घर तुमचंच घर."

"मला पण दर नाताळला म्हणतात," पहारेकरीण म्हणाली. "चार वर्षं झाली, दार आतून नाही बघितलं."

आता हे कबूल करायला हवं की दर वर्षी सोळा ऑगस्टला ही सगळी माणसं कोसिमोने सेर्राफीकोच्या चौकात डोळ्यांनी बघितली होती. त्यांच्याबरोबर कलिंगड खाल्लं होतं. पण वहीत अस्सुन्ताआत्याचा पत्ता रोम होता, आणि वहीतला पत्ता काही ऑगस्टात बदलत नाही. त्याच्या आईला वाटलं होतं, यंदा नवं जोडपं येणार म्हणून ही माणसं जत्रा सोडून थांबतील. त्या माणसांना वाटलं होतं, नवं जोडपं कशाला येतंय आपल्याकडे, ते हॉटेलात जाईल, पण बोलावणं तर करायलाच हवं. सगळ्यांनी रीत पाळली होती. खरं धरून चालला होता तो एकटा कोसिमो.

तिथून पुढे दोन दिवस तो कुलपं मोजत फिरला. रोममधली उरलेली तीन दारं बंद. फ्लॉरेन्समध्ये काकांच्या दाराला चिठ्ठी होती, पण ती दूधवाल्याला होती: वीस तारखेपर्यंत दूध नको. बोलोन्यात चुलतभावाच्या खिडकीतून मांजराने बघितलं आणि ते आत निघून गेलं. प्रत्येक कुलपापाशी चार-चार तास सुटे होत होते आणि कोसिमोला त्यांचं काय करावं ते सुचेना. कागदावर तो त्या जागी "वाट पाहिली" असं लिहायचा. मंगळवारपर्यंत त्याच्या डोक्यात हेच: आईला काय सांगायचं, हंस परत नेले तर गाव काय म्हणेल, आत्याला वाटलं आपण आलोच नाही तर, यांतलं एक संपलं की दुसरं. मोठी चर्चं त्याने आतून बघितली, पण छताकडे बघतानाही तो पेटीवर पाय ठेवून उभा होता.

बोलोन्याच्या एका खाणावळीत पाल्मीराने काटा खाली ठेवला.

"कोसिमो, लग्न झाल्यापासून तू माझ्याशी बोलतोयस की अस्सुन्ताआत्याशी?"

कोसिमोने तोंड उघडलं. त्याला पुन्हा आत्याचंच नाव आठवलं, म्हणून त्याने ते मिटलं. पाल्मीरा रागावली होती, आणि तिचा रागावलेला चेहरा एवढ्या जवळून, समोरून, मध्ये कोणी नसताना तो प्रथमच बघत होता. भीतीने त्याचं जेवण राहून गेलं.

मेस्त्रेची दोन दारं सोमवारी संध्याकाळी बघून झाली. तीही बंदच होती.

मंगळवार, चौदा ऑगस्ट. व्हेनिसमध्ये एका लहानशा चौकात, जिथे वाळत घातलेल्या चादरींखाली चार टेबलं मांडली होती, तिथे दोघं जाऊन बसले तेव्हा जेमतेम दोन वाजले होते. वाढप्याने पेटीकडे बघितलं, झाकणावरचं "सावकाश" वाचलं आणि अदबीने तिच्यासाठी तिसरी खुर्ची आणली.

"ती खुर्ची परत न्या," पाल्मीरा म्हणाली. तिने पेटी पायाने टेबलाखाली सारली.

कोसिमोला चौकोन मिळाला होता, बारा मिनिटांचा नाही, एका तासाचाही नाही, अख्ख्या दुपारचा, आणि त्याच्या पोटातला गोळा थेट गळ्यापाशी आला होता. त्याने कपातली कॉफी ढवळली. साखर घालायची राहिली होती, ती घालून पुन्हा ढवळली.

"तुला पाऊस आवडतो का?" त्याने विचारलं.

पाल्मीराने आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. "आवडतो. दोन वर्षं सांगायचं राहिलं होतं."

"पाल्मीरा, तुला माहीत होतं ना? कोणीच घरी नसणार ते?"

"जुलैपासून. एकेकाची गावातल्या आपापल्या घरच्यांना आलेली तार माझ्याच हातून गेली. अकराला सकाळी निघतो, खाटा काढून ठेवा. अस्सुन्ताआत्याची सगळ्यांत आधी. वांग्यांची पण सूचना होती त्यात."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तारेतलं गुपित बाहेर फोडायचं नाही. नोकरीला लागताना शपथ घेतलीय मी."

"नवऱ्याला पण नाही?"

"तेव्हा तू नवरा कुठे होतास?"

कोसिमोने यावर विचार केला. नियम बरोबर होता. "पण अकरा तारीख तर तू वसंतातच धरली होतीस. तेव्हा तारा कुठे होत्या?"

"सहा वर्षं खिडकीवर बसतेय. ऑगस्टच्या अकरा-बाराला उत्तर रिकामी होते, हे कळायला तार कशाला लागते? सप्टेंबरात आलो असतो तर आज मेस्त्रेच्या मावशीच्या मांडीवर बसून व्हेनिस बघत असतो."

"आणि स्टेशनवर चेन्झिनामावशींना काय सांगितलंस?"

"त्यांचा तुरिनचा भाऊ त्याच रात्री येतोय, आणि आई त्याला त्यांची खाट देणार आहे."

"हेही गुपितच झालं की."

"त्याने पत्र लिहिलं होतं," पाल्मीरा म्हणाली. "पत्राची शपथ नाही."

कोसिमोने कप खाली ठेवला. इतके दिवस जे बोलायचं नव्हतं तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "मला वाटलं, तुला हा तास नकोच होता. तू हो म्हणालीच नव्हतीस. मी रोज घाबरत होतो. गाड्यांना नाही, ह्याला."

पाल्मीराने पर्स उघडली आणि चार घड्या घातलेला एक फॉर्म टेबलावर ठेवला. दहा शब्द. कोसिमोचं अक्षर. कडा मऊ होऊन गेल्या होत्या.

"पत्ता अपुरा होता," ती म्हणाली. "म्हणून उशीर झाला. पण पोचली."

कोसिमोला रडू आलं. रोमसाठी राखून ठेवलेली ती दहा मिनिटं इथे खर्च झाली, आणि वाढपी आला तेव्हा तो चष्मा पुसत होता. पाल्मीराने वाकून पेटी उघडली, अस्सुन्ताआत्याचा हंस बाहेर काढला आणि गळ्यातली पुरचुंडी सोडली. पाच बदाम. पाच दोघांत वाटले जात नाहीत म्हणून तर पाच असतात, असं लग्नाच्या दिवशी पाद्री म्हणाले होते. दोघांनी दोन-दोन खाल्ले आणि पाचवा कोसिमोने दाताने फोडून निम्मा तिला दिला. त्यात त्याची एक दाढ हलली. पाच वाजून गेले तेव्हा दोघांचं पावसावरचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

सोळाला संध्याकाळी ते सेर्राफीकोत उतरले तेव्हा चौकात बँड वाजत होता आणि अकराच्या अकरा घरं आईच्या अंगणात जेवायला बसली होती.

"अरे, होतात कुठे तुम्ही?" अस्सुन्ताआत्या ओरडली. "पाच दिवस वाट बघतोय आम्ही इथे. वांगी संपली."

हंस पोचते झाले, प्रत्येकाच्या हातात, प्रत्येकाच्या गालाचा मुका घेऊन, जसे आईला हवे होते तसेच. अस्सुन्ताआत्याच्या हंसाला चोच नव्हती आणि पुरचुंडीही नव्हती. तिने तो उलटसुलट करून बघितला. कोसिमोने सांगितलं की चोच रोममध्ये पेटीवर बसण्यात गेली. आईने डोक्याला हात लावला आणि त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. चष्मा लावूनही तिला तिथे नेहमीचं काही वाचता आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी रीतीप्रमाणे नवं जोडपं पाल्मीराच्या माहेरी गेलं. बैठकीतला कोच जिथल्या तिथे होता. कोसिमो डाव्या कडेला बसला, पाल्मीरा उजव्या. चेन्झिनामावशी क्रोशा घेऊन आल्या आणि दोन वर्षांच्या सवयीने मधोमध बसल्या. खोलीत पाल्मीराची आई होती, तुरिनचा भाऊ होता, कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. कोसिमोच्या पोटात जुना गोळा हलला. त्याने घसा साफ केला.

"मावशी," तो म्हणाला, "जरा सरका."

मावशींनी सुई थांबवली, आधी कोसिमोकडे बघितलं, मग पाल्मीराकडे, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून त्या उठल्या.

"दोन वर्षं वाट बघतेय हे कोणीतरी म्हणेल म्हणून," त्या म्हणाल्या. "ह्या कोचाला मधे स्प्रिंग वर आलीय. माझ्या पाठीचा चुराडा झाला."

आणि सुताची गुंडी उचलून त्या खिडकीपाशी वाऱ्याला जाऊन बसल्या.